काळ्या पट्ट्यावर काळा धागा

आमच्या कारखान्यात एक बाई होती, तिला आम्ही ‘विचारून’ म्हणायचो. तिला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “विचारून सांगते.” सुई बदलायची का? विचारून सांगते. खिडकी उघडू का? विचारून सांगते. एकदा मी मुद्दाम म्हटलं, “अगं, तुला भूक लागलीय का?” तर तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग लाइनप्रमुखांकडे. अशा माणसांची लोकांना दया येते. मला येत नाही, मला चीड येते. तोंड काय फक्त जांभई द्यायला दिलंय?

मी कोण तेही सांगून टाकते. मी शेवटच्या टेबलावरची तपासणीवाली. सगळे मला आत्या म्हणतात, साहेबसुद्धा. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा नातं लावलेलं बरं, असा त्यांचा विचार असावा. राहते स्वतःच्या घरात, एकटी. कुणाची मर्जी सांभाळायची नाही, कुणाला चहा विचारायचा नाही. त्यामुळे माझी जीभ जरा सैल सुटली आहे असं लोक म्हणतात. जरा नाही, चांगलीच सुटली आहे.

आम्ही पट्टे शिवतो. पँटीला लावायचे नव्हेत, उंचावर काम करणाऱ्यांचे. इमारतींच्या काचा पुसणारे, टॉवरवर चढणारे, रंगारी, हे लोक खांद्यांवरून आणि मांड्यांखालून जे पट्टे बांधून लोंबकळतात, ते आमच्याकडचे. जाड विणीचा पट्टा लोखंडी कडीतून ओवायचा, दुमडायचा आणि त्या दुमडीवर मशीनने टाके मारायचे, मागे-पुढे, मागे-पुढे, पुन्हा त्याच जागी. तळहातापेक्षा लहान अशा त्या शिलाईवर एक अख्खा माणूस लटकणार असतो. हे आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे.

मशीनच्या रांगेवरून, छताखालून, एक लाल दोरी गेलेली आहे. ओढली की सगळी लाइन बंद. कुणीही ओढावी, असा नियम. पण नियम करणाऱ्याने पुढे मेख मारून ठेवली: ज्याने दोरी ओढली त्याने हॉलच्या तोंडाशी असलेल्या लाकडी चौथऱ्यावर चढायचं आणि का ओढली ते सगळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं. झालं! बायका त्या दोरीकडे मान वर करून बघतसुद्धा नसत. एखादीच्या मशीनचा टाका सुटायला लागला तर ती शेजारणीला कोपराने ढोसायची, शेजारीण पुढचीला, पुढची तिच्या पुढचीला. अशी चूक कोपराकोपराने सरकत माझ्या टेबलापर्यंत यायची आणि मी तो पट्टा बाजूच्या पेटीत टाकायचे. पुरुष मात्र दोरी खुशाल ओढत. चौथऱ्यावर चढत आणि दुसऱ्या कुणाची तरी चूक सांगत. पॅकिंगवर एक गृहस्थ होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत, ते तर यात इतके तरबेज, की त्यांच्या स्वतःच्या हातून कधी काही चुकलं असेल यावर त्यांच्या आईचाही विश्वास बसला नसता.

‘विचारून’ मशीनवर बसायची. हात सफाईचा होता, एवढं मी कबूल करते. घरी ती दिराच्या घरात राहायची. नवरा होता, पण तो दिराचा धाकटा भाऊ आधी आणि हिचा नवरा नंतर. दोघांना मिळून स्वयंपाकघरामागची एक खोली होती, तिला दार नव्हतं, पडदा होता. दीर येता-जाता तो पडदा सरकवून आत डोकवायचे आणि काहीतरी फालतू विचारायचे, पेपर कुठे आहे वगैरे. हिचं कपाट जाऊबाईंनी आपल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, इकडे जागा नाही म्हणून. म्हणजे बाईला बाहेर जायचे कपडे काढायचे तरी जाऊबाईंना विचारून. मी तिला म्हणायचे, “अगं, कपाट उचल आणि आण परत.” ती म्हणायची, “बघते, ह्यांना विचारून.” मग मी कपाळाला हात लावायचे आणि पुढचा पट्टा उचलायचे.

पुढे जुने लाइनप्रमुख निवृत्त झाले आणि आमच्या साहेबांना साक्षात्कार झाला. आमचे पट्टे घेणारी जी मोठी कंपनी, तिच्या लोकांनी त्यांना विचारलं म्हणे, तुमच्याकडे शिवणाऱ्या सगळ्या बायका, मग प्रमुखांत एकही बाई कशी नाही? साहेबांना हा प्रश्न इतक्या वर्षांत पडला नव्हता. आता एकदम बाई हवी झाली, तीही पुढच्या आठवड्यापर्यंत, जशी काही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची होती. त्यांनी विचारूनला निवडलं. का, ते उघड आहे. ती प्रत्येक गोष्ट त्यांनाच येऊन विचारणार होती. माझं नाव त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मला ती खुर्ची नको होती, पण मनालाही शिवू नये याचा राग आला, तो आलाच.

नेमणूक हंगामी होती. मोठ्या कंपनीचे पाहुणे भेटीला येणार, बाई प्रमुख बघून खूश होणार आणि मग हिला कायम करणार, असं साहेबांचं गणित. कायम झालेल्या लाइनप्रमुखाला गोदामावरच्या दोन खोल्या मिळतात. स्वतंत्र जिना, स्वतंत्र दार. ही बाई जेवणाच्या सुट्टीत किल्ली मागून त्या खोल्या बघायला गेली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून मी वर गेले, तर ही दाराची आतली कडी लावून बघत होती. लावायची, काढायची, परत लावायची. मला बघून चपापली. म्हणाली, “आत्या, ही आतून लागते.” मी म्हटलं, “कड्या आतूनच लागतात, बाई.” खाली आल्यावर तिने खिडक्यांची मापं एका कागदाच्या कपटावर लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत मशीनवर पडदे शिवायला लागली. बायका एकमेकींना कोपराने ढोसून हसल्या. मीही हसले.

मग साहेबांनी तिला आत्मविश्वासाच्या वर्गाला पाठवलं. ती एकटी जायला घाबरत होती म्हणून सोबतीला मला पाठवलं. एका हॉटेलचा थंडगार हॉल, पुढे एक शिकवणारी बाई, गालाला माइक चिकटवलेला, पायात असे टोकदार बूट की मला तिच्या बोटांची काळजी वाटली. ती म्हणाली, खांदे मागे, हनुवटी वर, पाय फाकवून उभं राहा, आपली जागा व्यापा. सगळ्या बायकांनी एकदम जागा व्यापली आणि दोघी एकमेकींना धडकल्या. मग तिने सांगितलं की माफ करा हा शब्द विसरा. कुणाला विचारू नका, सांगा. पहिल्या महिन्यात एक तरी निर्णय असा घ्या की तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल. आणि निर्णय घेतला की मागे वळून बघायचं नाही. हे शेवटचं वाक्य तिने एखाद्या ट्रक चालवणाऱ्याला शिकवून बघायला हवं होतं.

मी हात वर केला. म्हटलं, “आणि निर्णय चुकला तर?”

ती इतकी गोड हसली की मला दात दुखल्यासारखं झालं. “बघा मैत्रिणींनो, हाच तो आतला आवाज, जो आपल्याला मागे ओढतो,” ती म्हणाली, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. विचारूननेही वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी संध्याकाळपर्यंत बिस्किटं खात बसले. असल्या ठिकाणी बिस्किटं तेवढी चांगली असतात.

त्या हॉलमधून जी बाई परत आली ती निराळीच. ‘विचारून’ गेली आणि ‘ठरलंय’ आली. सुई बदलायची का? बदला, ठरलंय. जेवणाची सुट्टी मागे-पुढे? ठरलंय. चालताना टाचा अशा आपटायची की आवाज आधी आणि बाई नंतर. बायकांशी बोलताना खांदे इतके मागे न्यायची की मला वाटायचं, आता ही उताणी पडणार. एकीला पाळीचा त्रास होत होता, तिने जरा लवकर जाऊ का विचारलं, तर ही म्हणाली, “कारणं सांगायची नाहीत, पर्याय सांगायचे.” ती बिचारी पर्याय काय सांगणार? मला तर वाटलं, पूर्वीची बरी होती. पूर्वी निदान तिचा त्रास तिच्यापुरता होता. साहेबांपुढे मात्र आवाज अजून पूर्वीसारखाच मऊ. आत्मविश्वास असा मोजून, खालच्या लोकांपुरता आणला होता बाईने.

आणि मग तिने तो डोळ्यांत भरणारा निर्णय घेतला.

आमचे पट्टे काळे आणि धागा पिवळा. पहिल्यापासून तसाच. काळ्यावर पिवळी शिलाई ओबडधोबड दिसते, कबूल. या बाईने बैठकीत सुचवलं की धागाही काळा लावू, म्हणजे माल कसा एकसारखा, देखणा दिसेल. साहेब तर हरखूनच गेले. म्हणाले, “वा! बायकांची नजरच वेगळी.” पाहुणे येण्याआधीच्या सगळ्या मालाला काळा धागा, असा हुकूम सुटला.

मी सरळ तिच्या टेबलापाशी गेले. “अगं, तो पिवळा धागा शोभेला नाहीये,” मी म्हटलं. “टाका सुटला, धागा झिजला, तर पिवळ्याचा लगेच दिसतो. शिवणारीला दिसतो, मला दिसतो आणि वर लटकणाऱ्याला रोज बांधताना दिसतो. काळ्यावर काळा काय दिसणार, माझं कपाळ?”

तिने हनुवटी वर केली. “आत्या, ठरलंय ते.”

“ठरलंय तर मोड.”

“मागे वळून बघायचं नाही,” ती म्हणाली. अगदी त्या टोकदार बुटांच्या बाईच्या सुरात. जवळच्या दोघी-तिघी ऐकत होत्या. मला तिथेच तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मशीनवर काढलेली बाई, तिला धाग्याचं कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कळलं म्हणून मागे फिरली असती तर पुन्हा ‘विचारून’ झाली असती ना!

त्या दिवसापासून मी नखाने तपासायला लागले. शिलाईवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, टाका सुटला असेल तिथे ते हलकंच घसरतं. पण नखाला डोळ्यांचा वेग कसा येणार? माझ्या टेबलावर ढीग साचायला लागला, तसे साहेब आले आणि म्हणाले, दर गठ्ठ्यातला एकच पट्टा तपासा, बाकीचे सोडा, वेळ नाही. मी नाही म्हटलं. तर त्यांनी पॅकिंगच्या भाऊंना पाठवलं आणि भाऊ बाकीचे गठ्ठे माझ्यासमोरून उचलून घेऊन गेले, वर दात काढत.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. हॉल धुऊन-पुसून लख्ख. पाहुणे दोघे होते, एक बारीक चष्मेवाला गृहस्थ आणि एक उंच बाई, करड्या कोटातली. साहेबांनी नवीन टाय बांधला होता, तो त्यांना गळफासासारखा बसला होता. बाहेर काळ्या धाग्याच्या मालाने भरलेली गाडी उभी होती. पाहुण्यांनी हॉल बघायचा, मग बाहेर येऊन हात हलवून गाडी रवाना करायची, मग फोटो, मग चहा, असा बेत. आणि दुपारी हिचं कायम होणं जाहीर करायचं. पडदे शिवून तयार होते, ते तिने पिशवीत घालून आणले होते. संध्याकाळी लावायला.

ती पाहुण्यांना लाइन दाखवत पुढे चालली होती, टाचा वाजवत. बोलत चांगली होती, ठणठणीत. शेवटच्या मशीनपाशी करड्या कोटातल्या बाईने विचारलं, “हा जोड किती भक्कम असतो?” हिने मशीनवरून नुकता उतरलेला एक पट्टा उचलला, दाखवायला म्हणून दुमडीवर अंगठा ठेवला आणि सवयीने नख फिरवलं. शिवणारीची सवय, ती कुठल्याही वर्गात जाऊन सुटत नाही. फिरवता फिरवता तिचा हात थांबला.

मी माझ्या टेबलावरून बघत होते. तिने पट्टा उजेडाकडे तिरका केला. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. त्या मशीनची सुई मधले टाके गाळत होती. किती दिवसांपासून कोण जाणे! शिवणाऱ्या बाईला दिसणार नव्हतं, भाऊंना दिसायचा प्रश्नच नव्हता. पाहुणी वाट बघत होती. साहेब मागे उभे राहून हसत होते आणि बोटाने बाहेरची गाडी दाखवत होते, चला, चला. तिने नुसतं “खूप भक्कम असतो” म्हटलं असतं की झालं असतं. गाडी गेली असती, टाळ्या झाल्या असत्या, संध्याकाळी पडदे लागले असते. मला खात्री होती की ती तेच म्हणणार. माझा तिच्याबद्दलचा अंदाज सहसा चुकत नाही.

तिने हात वर केला आणि दोरी ओढली.

सगळी लाइन धाडकन बंद पडली. इतकी शांतता त्या हॉलमध्ये मी कधी ऐकली नव्हती. साहेब लगबगीने पुढे आले आणि पाहुण्यांना म्हणाले, “सराव आहे, सराव! सुरक्षेचा सराव आम्ही असा अचानक घेतो.” माणूस खोटं बोलताना किती चपळ होतो! एरवी याच माणसाला साधी सही करायला दोन दिवस लागतात.

“सराव नाही,” ती चौथऱ्यावर चढून म्हणाली. खांदे मागे वगैरे काही नव्हते, उलट वाकले होते. “गाडी सोडू नका. पट्ट्यांचे टाके सुटलेत. आधीच्या मालातही सुटले असणार. ते दिसत नाहीत, कारण धागा काळा आहे. काळा धागा मी लावला.” इथे तिने माझ्या टेबलाकडे बोट केलं. “आत्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. शिवणाऱ्यांचा यात दोष नाही. सगळा माल खाली उतरवा.”

मग ती खाली उतरली आणि ज्या मशीनवर टाके सुटत होते, तिथल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. ती बाई रडत होती. चष्मेवाल्या पाहुण्याने गाळलेल्या टाक्यांचा पट्टा हातात घेतला आणि स्वतःच नख फिरवून बघायला लागला.

पाहुण्यांना चहाला बसवून साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. टाय सैल केला.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “अजून सावरता येईल. मी पाहुण्यांना सांगतो की तुम्ही घाबरून काहीतरी बोललात. धाग्याचं काही नाही. हा तपासणीचा घोळ आहे. माल तपासणीतून सुटला, म्हणजे दोष तपासणीचा. तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो, आणि तुमचं कायम होणं आजच जाहीर करतो. खोल्यांची किल्ली ही इथे आहे.” त्यांनी खरंच किल्ली काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी.

मी मनातल्या मनात डबा-पिशवी आवरायला घेतली होती. ही बाई वर्षानुवर्षं कपाटासाठी जावेच्या तोंडाकडे बघत आली, ती आता माझ्यासाठी किल्ली सोडणार होय? आणि मी तिला काय दिलं होतं आजवर, टोमण्यांशिवाय?

ती किल्लीकडे बघत होती. मग म्हणाली, “नाही.”

“नाही म्हणजे?”

“आत्यांनी सांगितलं होतं आणि तुम्हीच त्यांना तपासू दिलं नाही. हे मी पाहुण्यांनाही सांगेन, त्यांनी विचारलं तर.”

साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मान हलवली, एखाद्या नापास मुलाकडे बघून हलवावी तशी. “बाई, तुमच्यात आत्मविश्वास कमी पडतोय. प्रमुखाने सगळ्यांसमोर असं कोसळायचं नसतं. इतकं शिकवलं, पण मुळात नसेल तर कुठून येणार?”

मला हसू फुटलं. मोठ्याने, अगदी पोट धरून. केबिनबाहेर ऐकू गेलं असणार. या माणसाला मी आयुष्यभर मूर्ख समजत आले होते, पण तो मूर्खपणा इतका ठोस असेल असं वाटलं नव्हतं.

माझं हसू थांबायची वाट बघून साहेब म्हणाले, “मग आत्या, तुम्ही व्हा प्रमुख. चहानंतर फोटो आहे. पाहुण्यांना बाई प्रमुख दाखवायचीय.”

“प्रमुख आहे ना इथे,” मी म्हटलं. “हिलाच ठेवा. स्वतःच्या चुकीसाठी दोरी ओढणारं या कारखान्यात दुसरं कुणी नाही.”

“ते शक्य नाही. तुम्हाला नको असेल तर पॅकिंगच्या भाऊंना नेमतो. माणूस अनुभवी आहे.”

मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. “घ्या, आत्या,” ती म्हणाली. ठणकावून नाही आणि मऊपणानेही नाही, नुसतं कामाचं बोलल्यासारखं. “भाऊंच्या हातात गेलं तर उद्या परत काळा धागा लागेल. हो म्हणा.”

तिची नोकरीतली जागा जात होती, दार जात होतं, रात्री परत त्या पडद्याआड झोपायला जायचं होतं आणि हिला काळजी धाग्याची. मला तिचा अभिमान वाटला. असला शब्द मी सहसा वापरत नाही, जिभेला चिकटतो. पण वाटला.

“एका अटीवर,” मी साहेबांना म्हटलं. “खोल्या हिला.”

“खोल्या प्रमुखाला असतात. नियम आहे.”

“मला घर आहे. खोल्या हिला, आज, आत्ता. नाहीतर फोटोत भाऊंना उभं करा. मिशा चांगल्या आहेत त्यांच्या, फोटो छान येईल.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येतोय का ते ऐकलं. मग किल्ली दोन बोटांनी पुढे सरकवली. तिने ती उचलली आणि माझे आभारही न मानता बाहेर गेली. बरं झालं, मला ते झेपले नसते. खिडकीतून पाहिलं तर ती त्या मशीनपाशी बसून सुईखालची पट्टी उघडत होती, टाके कुठे गाळले जातात ते बघायला.

फोटो निघाला. त्यात मी साहेबांशेजारी उभी आहे आणि माझा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा आहे. गाडीतला माल उतरला. आधी गेलेला मालही परत मागवला गेला, कारण करड्या कोटातल्या बाईने जाताना एकच विचारलं होतं, तो माल परत कधी येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा धागा परत आला. नवी पद्धत सगळ्यांना समजावून सांगायची होती: चूक दिसली तर शेजारणीला ढोसायचं नाही, दोरी ओढायची, आणि चौथऱ्यावर चढणाऱ्या बाईला त्या दिवशी कुणी एक शब्द बोलणार नाही. मी चौथऱ्यावर चढले. पाठ होतं सगळं. समोर ओळीने चेहरे, सगळे ओळखीचे, सगळ्यांची मी कधी ना कधी टर उडवलेली. आणि माझ्या घशाला अशी कोरड पडली की काही विचारू नका. ओठ हलले, पण जे बाहेर पडलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. इतकी वर्षं मी टेबलामागून बोलत होते. टेबलामागून कुणालाही बोलता येतं.

पुढच्या रांगेत कोपरं हलायला लागली. कुणीतरी खुदकन हसलं.

ती तिच्या मशीनवर बसली होती, उठली नाही. तिथूनच म्हणाली, “आत्या, मोठ्याने. इकडे काही पोचत नाहीये.”

सगळा हॉल हसला. मला तिचा असा संताप आला की घसा मोकळाच झाला. “पोचेल,” मी ओरडले, “कान इकडे कर,” आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.